ठाणे–नवी मुंबईत नोकरी शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांसाठी भरतीचं काम करते. फोनवर, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत लोक मला जे विचारतात तेच इथे एकत्र केलंय. टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस काय बघतो हे उमेदवाराला सहसा कोणी सांगत नाही, म्हणून उत्तरं शक्यतो त्या बाजूने दिली आहेत.

आधी राजीनामा देऊ की नोकरीत असतानाच शोधू?

असतानाच शोधा. हातात नोकरी असलेल्या माणसाला पगाराची घासाघीस करता येते, घरी बसलेल्याला समोरचा म्हणेल तो आकडा घ्यावा लागतो. तब्येतीवर परिणाम होत असेल, छळ होत असेल किंवा तीन-तीन महिने पगार थकत असेल, तर मात्र हा हिशेब सोडून द्या आणि बाहेर पडा. तरी घरभाडं, हप्ते आणि मुलांची फी मिळून किमान चार महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या.

अर्ज करायला सुरुवात कुठून करू? शंभर साइट आहेत.

शंभर नकोत. ऑफिसच्या नोकरीसाठी नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन पुरे. टेलिकॉलर, डिलिव्हरी, बॅक ऑफिस, दुकानातली नोकरी हवी असेल तर अपना, वर्कइंडिया. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवलं की रोजगार मेळाव्यांची माहिती मिळते, केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलही आहे. दोन्हींकडे नोंदणीला पैसे लागत नाहीत.

नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल एकदा भरून विसरून जाऊ नका. आम्ही शोधतो तेव्हा अलीकडे अपडेट झालेली प्रोफाइल बघण्याकडेच कल असतो. सोमवारी सकाळी एखादी ओळ बदलून सेव्ह करा, तेवढंही चालतं.

आणि एमआयडीसीतल्या छोट्या कंपन्या कुठेच जाहिरात देत नाहीत. रबाळे, महापे, वागळे इस्टेटला गेटवर पत्र्याची पाटी असते: ‘फिटर पाहिजे’, ‘अकाउंटंट पाहिजे’. वॉचमनकडे बायोडेटा दिला तर तो बऱ्याचदा खरंच आत पोहोचतो, कारण त्या कंपनीत एचआर म्हणजे मालकाची वहिनी किंवा अकाउंट्सवालाच असतो.

ओळखीने नोकरी मिळवणं म्हणजे वशिलाच ना?

नाही. वशिल्याने लायकी नसलेला माणूस आत जातो, रेफरलने लायक माणसाचा बायोडेटा ढिगाच्या वर येतो. पुढे इंटरव्ह्यू तुम्हालाच द्यायचा असतो. मोठ्या आयटी आणि बीपीओ कंपन्या तर रेफर करणाऱ्या कर्मचाऱ्याला बोनस देतात, म्हणजे तुम्ही मित्रावर उपकाराचं ओझं टाकताय असंही नाही. फक्त ‘काही असेल तर बघ रे’ असा मोघम मेसेज टाकू नका. त्या कंपनीच्या साइटवरचा जॉब आयडी, तुमचा बायोडेटा आणि ‘मी या कामाला योग्य का आहे’ याच्या दोन ओळी पाठवा. मित्राने फक्त फॉरवर्ड करायचं, एवढं काम सोपं करून द्या.

आपल्याकडे नेमकं कुठे काय मिळतं?

हा नकाशा डोक्यात असला की निम्मी पायपीट वाचते.

ऐरोलीचं माइंडस्पेस, महापेचं मिलेनियम बिझनेस पार्क, घणसोली आणि कोपरखैरणेची रिलायन्सची संकुलं: आयटी, बीपीओ, बँकांची आणि विमा कंपन्यांची बॅक ऑफिसं, टेलिकॉम. ऐरोली–रबाळे–महापे याच पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिली आहेत. तिथे माणसं कमी लागतात, पण लागतात ती इलेक्ट्रिकल डिप्लोमावाली, एसी-चिलर, डीजी सेट आणि यूपीएस कळणारी. आयटीआय झालेल्या मुलांना हे माहीतच नसतं आणि ती सगळी वायरमनच्या एका जागेसाठी रांग लावतात.

पावणे, तुर्भे आणि रबाळेच्या आतल्या गल्ल्यांत इंजिनीअरिंग, केमिकल, पॅकेजिंग, प्रिंटिंग, कोल्ड स्टोरेज. वाशीला एपीएमसी: कांदा-बटाटा, भाजी, फळ, धान्य, मसाला. तिथे टॅली आणि जीएसटी येणाऱ्या कारकुनाला कायम मागणी असते, पण दिवस पहाटे सुरू होतो. सीबीडी बेलापूरला सिडको भवन, कोकण भवन, रिझर्व्ह बँक आणि शिपिंगची ऑफिसं.

तळोजा एमआयडीसी केमिकलची. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्यांनी क्वालिटी लॅबसाठी तिथे नक्की बघावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर–पेंधर मेट्रो सुरू झाल्यापासून जाणं थोडं सुकर झालंय. न्हावा शेवा बंदर आणि उरण–द्रोणागिरीचे सीएफएस, म्हणजे कंटेनर यार्ड: कस्टम ब्रोकरकडे डॉक्युमेंटेशन, ऑपरेशन्स, ट्रान्सपोर्ट. शिपिंग बिल (निर्यातीचं) आणि बिल ऑफ एंट्री (आयातीचं) भरता येणारा माणूस या भागात बेकार राहत नाही. उरणची लोकल जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण सुरू झाली, तेव्हा आता नेरूळ–बेलापूरकरांनाही हे अंतर जमण्यासारखं आहे.

ठाण्यात वागळे इस्टेट, म्हणजे जुने कारखाने आणि त्यांच्या जागी आलेल्या काचेच्या इमारतींतली ऑफिसं. घोडबंदर रोडला हॉस्पिटल, शाळा, मॉल, बिल्डरांची सेल्स ऑफिसं. भिवंडीला मानकोली, काल्हेर, दापोडे बाजूला गोदामंच गोदामं: इन्व्हेंटरी, डिस्पॅच, सुपरवायझर. पगार बरा असतो, पण स्टेशनपासून पोहोचायचं कसं हा प्रश्न आधी सोडवा.

इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न ‘राहता कुठे?’ असा का असतो?

कारण अंतराला कंटाळून सोडून जाणारी माणसं आम्ही रोज बघतो. बदलापूरहून महापेला येणारा मुलगा उत्साहात जॉइन होतो. ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरच्या फलाटावर पळणं, कोपरखैरणेला शेअर रिक्षाची रांग, आणि परतीला तेच उलटं. पावसाळ्यात लोकल दोनदा बंद पडली की तिसऱ्या महिन्यात ‘पर्सनल रीझन’.

म्हणून ‘मॅनेज करीन’ असं उत्तर देऊ नका. ‘डोंबिवलीहून ७.१० ची लोकल, ठाण्याला बदलून ऐरोली, दारापासून दारापर्यंत सव्वा तास, एकदा जाऊन बघितलंय’ असं सांगा. असं उत्तर देणारा उमेदवार आमच्या लक्षात राहतो. आणि खरंच जाऊन बघा, रविवारी नाही तर कामाच्या दिवशी. डोंबिवलीहून शिळफाट्यामार्गे बाइकने यायचा विचार असेल, तर संध्याकाळी सातला तिथे उभं राहून निर्णय घ्या.

बायोडेटा किती पानांचा? फोटो, धर्म, वडिलांचं नाव घालायचं का?

पाच-सात वर्षांपर्यंतच्या अनुभवाला एक पान, त्याहून जास्त असेल तर दोन. धर्म, जात, लग्न झालंय की नाही, यातलं काही नको. तो लग्नाचा बायोडेटा. वर नाव, फोन, ईमेल, राहण्याचं ठिकाण (‘कळवा, ठाणे’ एवढं पुरे) आणि नोटीस पिरियड. हे शेवटचं बहुतेक जण लिहीत नाहीत आणि आम्हाला तेच आधी हवं असतं.

कामाचं वर्णन असं नको: ‘स्टोअर विभागाची जबाबदारी यशस्वीरीत्या सांभाळली.’ यातून काहीच कळत नाही. असं लिहा: ‘केमिकल कंपनीत कच्च्या मालाचं स्टोअर. आवक-जावक सॅपमध्ये नोंदवणे, एक्स्पायरी जवळ आलेल्या मालाची दर आठवड्याला यादी, वर्षअखेरीची स्टॉक मोजणी, हाताखाली तीन हेल्पर.’ ही ओळ वाचताना मला तुम्ही काम करताना दिसता. नोकरीच्या जाहिरातीत ‘सॅप’ (कंपन्यांचं हिशेब-साठ्याचं सॉफ्टवेअर) असेल आणि तुम्हाला सॅप येत असेल तर तो शब्द बायोडेटात असलाच पाहिजे, कारण पोर्टलवर आम्ही शब्द टाकूनच शोधतो. फाइल पीडीएफमध्ये, नाव ‘बायोडेटा फायनल नवीन २’ असं नको, स्वतःचं नाव द्या.

अनुभवाचे महिने वाढवू नका. पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होतात हे दिसतं, आणि व्हेरिफिकेशन करणारे तेच मागतात.

इंग्रजी बोलताना अडखळतो. कसं होणार?

कॉल सेंटरचा इंटरनॅशनल प्रोसेस असेल तर अडचण आहे, बाकी ठिकाणी वाटते तेवढी नाही. एमआयडीसीत अर्धा इंटरव्ह्यू हिंदीत होतो आणि ओळख पटली की मराठीत. स्वतःबद्दलची पाच वाक्यं आणि तुमचं रोजचं काम एवढं इंग्रजीत नीट तयार करा. पाठ करून पोपटपंची मात्र करू नका, मधेच तोडून प्रश्न विचारला की गाडी रुळावरून घसरते. ईमेल चांगला लिहिता येणं हे अस्खलित बोलण्यापेक्षा जास्त कामाला येतं, असं माझं मत आहे.

‘आधीची नोकरी का सोडताय?’ याला काय सांगू?

खरं, पण थोडक्यात. ‘चार वर्षं एकच काम केलं, पुढची पायरी तिथे नाही’ हे चालतं. ‘अंतर झेपत नाही’ हेही चालतं. जुन्या बॉसला शिव्या घातल्यात की समोरच्याला पुढच्या शिव्या आपल्याला बसणार हे दिसतं. कामावरून कमी केलं असेल तर लपवू नका. कंपनीने विभाग बंद केला यात तुमची नाचक्की नाही.

पगार किती सांगू? आणि सीटीसी एवढा, पण हातात एवढा कमी कसा?

आधी दुसरा भाग. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. सहा लाखांचा सीटीसी म्हणजे महिन्याला ५०,००० असं सगळे घरी सांगून टाकतात. कागदावर बघू. बेसिक २५,००० धरू. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे ३,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, साधारण १,२००. दोन्ही सीटीसीतच धरलेलं. दहा टक्के व्हेरिएबल असेल तर महिन्याचे ५,००० आणखी बाजूला, ते वर्षाअखेरी मिळतील, पूर्ण मिळतील असंही नाही. राहिले ४०,८००. त्यातून तुमचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात ३७,६००. मेडिक्लेमचा हप्ता, कॅन्टीन, बसचे पैसे कापत असतील तर आणखी खाली.

(महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स फेब्रुवारीत ३०० कापतात. २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो लागत नाही. स्लिपवर कापलेला दिसला तर विचारा.)

म्हणून ऑफर आली की एकच विचारा: ‘महिन्याला हातात नक्की किती?’ आणि पगाराचं ब्रेकअप ईमेलवर मागवा. आता पहिला भाग: ताकाला जाऊन भांडं लपवू नका. ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ असं म्हणालात तर कंपनी खरंच तिच्या नियमाप्रमाणे देईल. सध्याचा आकडा, हवा असलेला आकडा आणि त्याचं कारण तीन वाक्यांत सांगा. प्रवासाचा खर्च आणि जाणारा वेळ त्यात धरायला विसरू नका. वाशीला ३८ हजार आणि अंधेरीला ४२ हजार असेल तर पनवेलच्या माणसाने वाशी घ्यावी, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

नोटीस ९० दिवसांची आहे. नवी कंपनी ३० दिवसांत बोलावते.

अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. नोटीसऐवजी पगार भरून सुटता येतं का, ते कोणाच्या मर्जीवर आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. शिल्लक रजा वळत्या होतात का विचारा. नवी कंपनी बायआउटचे पैसे देणार असेल तर ते लेखी घ्या. काम अर्धवट टाकून गायब होऊ नका. रिलीव्हिंग लेटर अडतं आणि पुढच्या व्हेरिफिकेशनला ‘अ‍ॅबस्काँडिंग’ असा शेरा येतो.

लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. ‘समजा झालंच’ या फोनवर राजीनामा देऊन बसलेली माणसं मला दर महिन्याला भेटतात.

बाँडवर सही केली आहे. अडकलो का?

नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करूच नका, अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही. पण ‘इतकी वर्षं राहा, नाहीतर प्रशिक्षणाचा किंवा भरतीचा खर्च द्या’ हा वेगळा प्रकार आहे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं न थांबल्याबद्दलची २ लाखांची अट वैध ठरवली. तेव्हा ‘बाँडला काही अर्थ नसतो’ हा कट्ट्यावरचा सल्ला सोडा. मूळ मार्कशीट मात्र कोणाकडे ठेवू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या.

कन्सल्टन्सी रजिस्ट्रेशनचे पैसे मागते. भरू का?

नाही. चांगल्या कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, युनिफॉर्म, लॅपटॉप डिपॉझिट, पोलिस व्हेरिफिकेशन, नाव काहीही असो, जॉइनिंगच्या आधी पैसे मागितले की उठा.

इथे जहाजावरच्या नोकरीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण बेलापूर, वाशी, नेरूळ, खारघरच्या शिपिंग ऑफिसांत गावाकडची मुलं फार फसतात. दोन खोल्यांचं चकचकीत ऑफिस, भिंतीवर जहाजाचा फोटो, पांढरा शर्ट घातलेला ‘कॅप्टन’, आणि तीन-चार लाख भरा, पंधरा दिवसांत जॉइनिंग. कोकणातून, सांगली-साताऱ्याकडून आलेला बाप जमीन गहाण टाकून पैसे देतो. मुलगा दुबई किंवा इराणला एखाद्या खटारा बोटीवर पोहोचतो, नाहीतर हॉटेलात बसून राहतो. इकडे ऑफिसला कुलूप.

खलाशी भरती करायला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो. परवानाधारकांची यादी त्यांच्या साइटवर आहे. नाव, पत्ता, नंबर तिथे ताडून बघा, कारण दुसऱ्याच्या परवान्याचा फोटो भिंतीवर लावणारेही असतात. परवानाधारक एजंटला नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक) आणि मेडिकल एवढाच खर्च तुमचा. शंका असेल तर महासंचालनालयाचं ऑफिस कांजूरमार्गला आहे. लाखो रुपये भरण्यापूर्वी ठाण्याहून चार स्टेशनं जाऊन विचारून येणं परवडतं.

एअरपोर्टवर भरती चालू आहे म्हणतात. खरं का?

भरती खरी आहे, व्हॉट्सअ‍ॅपवरची पत्रं बहुतेक खोटी. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली, तेव्हा माणसं लागणारच. पण त्यातल्या फार थोड्या जागा थेट विमानतळ कंपनीच्या असतात. बाकीचं काम ग्राउंड हँडलिंग, कार्गो, विमान कंपन्या, हाउसकीपिंग, दुकानं आणि खाद्यपदार्थांचे स्टॉल वेगवेगळे चालवतात. ज्याची त्याची भरती त्याच्या त्याच्या साइटवर. आत जायच्या पाससाठी पोलिस पडताळणी होते, त्यामुळे नावातला आणि पत्त्यातला फरक आत्ताच सरळ करून ठेवा. जीमेलवरून आलेलं, शिक्का मारलेलं ‘कॉल लेटर’ आणि सोबत यूपीआय नंबर, हे दिसलं की डिलीट.

घरबसल्या व्हिडिओ लाइक करून रोज दोन हजार?

फसवणूक. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. थायलंडला ‘डेटा एंट्री’ची नोकरी म्हणून नेऊन म्यानमार, कंबोडियात सायबर गुन्ह्यांना जुंपल्याचे प्रकार घडले आहेत. परदेशातली नोकरी लावणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. टुरिस्ट व्हिसावर नोकरी नसते.

कंपनीच्या पे-रोलवर नाही, कॉन्ट्रॅक्टरकडून आहे. घेऊ का?

अनुभव मिळत असेल आणि पीएफ खरंच भरला जात असेल तर घ्या. दुसऱ्या महिन्यात उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून बघा. स्लिपवर कापलेला आणि खात्यात न आलेला पीएफ हा इथला नेहमीचा खेळ. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीचं (कामगारांच्या आरोग्य विम्याचं) कार्डही मागा, घरच्यांच्या उपचाराला ते उपयोगी पडतं. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यांनुसार नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. ‘आमच्याकडे लेटर देत नाहीत’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

बाळंतपणानंतर तीन वर्षं घरी होते. आता कोण घेणार?

घेतात. गॅप बायोडेटात सरळ लिहा: ‘२०२२ ते २०२५, मुलाच्या संगोपनासाठी विराम.’ लपवलेला गॅप संशय वाढवतो. मधल्या काळात भावाच्या दुकानाचा जीएसटी भरला असेल, शिकवण्या घेतल्या असतील, तर तेही कामच आहे. पहिली नोकरी जुन्या पदापेक्षा एक पायरी खाली मिळाली तरी चालेल, दोन पायऱ्या नको. इंटरव्ह्यूत ‘पुढचं मूल कधी?’ विचारलं तर ‘कामाच्या वेळा मला जमणाऱ्या आहेत’ एवढंच सांगून विषय संपवा. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कायद्याने हवी, ते विचारायला लाजू नका. रात्रीची शिफ्ट असेल तर घरापर्यंत गाडी आहे का, सोबत गार्ड आहे का हे ऑफर घेण्याआधी लेखी मागा.

वय ४८. संपलं का?

पोर्टलवर अवघड, ओळखीत सोपं. जुने सप्लायर, जुने ग्राहक, आधीचे सहकारी यांना फोन करा. छोट्या कंपन्यांच्या मालकांना प्लँट, फॅक्टरी लायसन्स, ऑडिट सांभाळणारा जाणता माणूस हवा असतो आणि तो पंचविशीतला नको असतो.

राजीनामा दिल्यावर बॉस पगार वाढवून देतो म्हणतो.

एकदा निघालेला माणूस त्यांच्या यादीत निघालेलाच राहतो. मी थांबू नका म्हणेन.

पीएफ काढून घेऊ का?

काढू नका, ट्रान्सफर करा. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक, एकच राहतो. पाच वर्षांच्या आत काढलात तर कर लागू शकतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, ती मोजणी मोडते. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर तुम्हीच टाकू शकता. आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं काम नव्वद टक्के वेळा इथेच अडकतं.

फुल अँड फायनल (नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब) कधी मिळतं?

वेतन संहितेनुसार नोकरी सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यायला हवं. अनेक एचआर अजून ‘४५ दिवस लागतात’ हीच जुनी टेप वाजवतात. ईमेलवर संहितेचा उल्लेख करून मागा. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या नियमाने एक वर्ष पुरतं. चार वर्षं आठ महिने झालेत आणि तुम्ही घाईत सोडताय, तर आधी कॅलेंडर बघा.

नव्या कंपनीत पहिल्या आठवड्यात काय करू?

आधीच्या कंपनीत या वर्षी किती पगार मिळाला आणि किती टॅक्स कापला हे अकाउंट्सला कळवा. नाहीतर दोन्हीकडे सूट धरली जाते आणि मार्चमध्ये किंवा रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते. पगाराचं खातं, पीएफचं नॉमिनेशन आणि मेडिक्लेममध्ये घरच्यांची नावं त्याच आठवड्यात उरका. नवं लग्न किंवा नवं बाळ असेल तर बहुतेक मेडिक्लेममध्ये नाव घालायला थोडेच दिवस असतात, ती मुदत गेली की पुढच्या रिन्यूअलपर्यंत थांबावं लागतं.